अबोल्यातला ताप

चमचा कपाच्या कडेला लागला, किण् असा एवढासा आवाज झाला, आणि दुपारभर घरात साचून राहिलेली शांतता फुटली.

तिच्या हातात धुतलेल्या चादरीची दोन टोकं होती, उरलेली दोन लेकीच्या हातात. दोघी घडी घालत होत्या. आवाज झाला तशी तिने आपली टोकं सोडली आणि ती बाहेरच्या खोलीत धावली. लेक तशीच उभी राहिली, अर्धी चादर छातीशी आणि अर्धी जमिनीवर.

"काय रे? पाणी हवंय?"

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला, कुणी आपली वस्तू तिथे विसरून गेल्यासारखा. डाव्या हातात चमचा. समोरच्या स्टुलावर रिकामा कप. चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. राग नाही, हसू नाही, कंटाळासुद्धा नाही.

"चा... चावी," तो म्हणाला.

चावी म्हणजे चावी नसणार, एवढं तिला आता कळत होतं. तिने पाण्याकडे बोट दाखवलं. पंख्याकडे दाखवलं. मग त्याच्या डोळ्यांवर तिरीप आली आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने पडदा ओढला. त्याने पापण्या मिटून उघडल्या. म्हणजे हो.

तो दवाखान्यात असताना गावाहून येऊन राहिलेल्या सासूबाई कोपऱ्यातल्या पलंगावरून नातीला म्हणाल्या, "बघितलंस, टपाल? चमचा वाजला की तुझ्या आईच्या पायांना चाकं लागतात. हिच्यामुळे वाचलं हो माझं पोर. वेळेवर नेलं हिने. दुसरी कुणी असती तर बसली असती काढे करत."

वेळेवर. हा शब्द ऐकला की तिच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. सासूबाई तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, शेजारणीला, फोनवरच्या नणंदेला, दूध टाकायला येणाऱ्याला. आणि दर वेळी तिची नजर न चुकता एकाच ठिकाणी जायची, लेकीच्या तोंडाकडे.

लेक चादरीकडे बघत होती.

आता हे 'टपाल' नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं आहे.

तो फळबाजारात लिलाव पुकारायचा. उजाडायच्या आत पेट्यांच्या थप्पीवर चढायचा आणि भाव पुकारायला लागला की तो श्वास कधी घेतो ते कुणाला कळायचं नाही. पार मागच्या गल्लीतल्या काटेवाल्यालासुद्धा त्याचा शेवटचा भाव स्वच्छ ऐकू जायचा. बाजारात त्याला भोंगा म्हणायचे. घरी आला तरी भोंगा चालूच. अंघोळ करताना भाव, लेकीचे बूट घालताना भाव. "एक बूट, एक बूट, डावा बूट, कोण घेणार, गेला गेला गेला!" आणि बूट पायात.

असा माणूस भांडण झालं की मात्र तोंडाला कुलूप घालायचा. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. नुसता अबोला. ही रीत त्याने माहेरून आणली होती, असं ती गमतीने म्हणायची. त्याच्या आईवडिलांत आठवडेच्या आठवडे अबोला चालायचा आणि हा लहानपणी दोघांच्या मधे निरोप पोचवायचा. लग्नानंतर तिने पहिल्यांदा अबोला पाहिला तेव्हा ती रडली होती. मग हळूहळू तिला त्याची गोडी लागली. शेजारच्या घरातली भांडणं भिंतीतून ऐकू यायची, शिव्यांसकट. यांची कधी कुणाला कळली नाहीत. "आमच्याकडे भांडण झालं तर घर उलट शांत होतं," असं ती चष्म्याच्या दुकानात, जिथे ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, तिथे अभिमानाने सांगायची.

अबोल्याला त्यांनी नियमसुद्धा केले होते. जेवणावर राग काढायचा नाही. थेट बोलायचं नाही, निरोप लेकीकरवी. आणि ज्याला माघार घ्यायची असेल त्याने चमच्याने कपावर तीनदा वाजवायचं. तीनदा किण् झालं की दुसऱ्याने मुकाट्याने उठून दोघांचा चहा ठेवायचा. 'बघ, हरलास की नाही' असं म्हणायचं नाही.

लेक बोलायला लागली तशी तिची नेमणूक झाली. टपाल.

"टपाल, तुझ्या आईला विचार, माझा निळा शर्ट कुठे आहे."

"टपाल, बाबांना सांग, काल होता तिथेच आहे. शर्टाला पाय नसतात."

"टपाल, आईला सांग, शर्टाला पाय नसतात पण आईला हात असतात."

"टपाल, बाबांना सांग, ते हात सध्या भांडी घासताहेत, आणि हात बाबांना पण असतात."

लेक हसत हसत दोन खोल्यांमधून पळायची. वाटेतच निरोप सांडायचे, मग परत जाऊन भरून आणायची. पण एक होतं, निरोपात ती आपल्या पदरचं काही घालायची नाही. जसाच्या तसा, आवाजासकट.

आणि शेवटचा अबोला झाला तो टबावरून.

फुलांच्या गाळ्यातून त्याने लेकीसाठी कमळाचा कंद आणला होता. जुन्या टबात माती घातली, पाणी भरलं आणि टब मागच्या गॅलरीत मांडला. कमळ काही येईना, पाणी मात्र चांगलं निवळशंख. औषध फवारणारा माणूस आला, त्याने बॅटरी मारून पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि टब पालथा घाला म्हणून सांगून गेला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "डासांचं बाळंतपण करतोयस तू गॅलरीत."

"पालथ्या टबात कमळ येतं का?"

"सरळ टबात तरी कुठे आलंय?"

"माझी एक वस्तू तुला खपत नाही या घरात. एक!"

झालं. कुलूप.

ताप आला तो या अबोल्यातच. हाडं पिंजल्यासारखा तो कण्हायला लागला तेव्हा तिला वाटलं होतं, आता सोडावा. कपाळावर हात ठेवला, पट्ट्या ठेवल्या, दुकानातून सुट्टी काढली. अबोला तोंडाचा असतो, हाताचा नसतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे तिघं गेली, बाकावर मधे लेक बसली. रक्त तपासलं, डेंगी निघाला. "पाणी पाजत राहा," डॉक्टर म्हणाले, "आणि ताप उतरला म्हणून बेसावध राहू नका. पोट दुखलं, रक्त आलं, गुंगी वाटली, काहीही वेगळं वाटलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात न्या."

काहीही वेगळं वाटलं तर. ती मान डोलावून आली होती. आणि मनातल्या मनात म्हणाली होती, बघ, टब. कोण खरं होतं?

ती खरी होती. म्हणून तर वाकवेना. चूक असती तर तिने पहिल्याच दिवशी कप वाजवला असता.

ताप उतरला. आता वाजवेल, असं तिला वाटलं. आजारातून उठलेला माणूस मऊ झालेला असतो. तिने चहाचं आधणसुद्धा तयार ठेवलं. पण तो पडूनच राहिला, भिंतीकडे तोंड करून. सकाळी तिने लेकीला पाठवलं, बाबांना विचार, काय खाणार.

लेक परत आली ती खिदळतच.

"बाबा म्हणाले, खिडकी गोड आहे."

"काय?"

"खिडकी गोड आहे. आणि मग म्हणाले, चपलेला झोपव."

तिला आतून हसू फुटलं. ते दाबलं तसा राग आला. एवढा आजारी पडला, आम्ही जीव टाकतोय, आणि याला थट्टा सुचते. माघार घ्यायची नाही म्हणून आता वेड पांघरतोय.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "खिडकी गोड असेल तर चाटत बसा."

टपाल गेली. निरोप जसाच्या तसा दिला असणार, आवाजासकट. परत आली ती हसत नव्हती.

"बाबा काहीच नाही बोलले. नुसते बघतात."

"बघू दे."

दुपारी चमचा वाजला. किण्. तिने हातातलं काम थांबवलं. किण्. किण्. तीन! ती उठलीसुद्धा होती. पण चमचा थांबला नाही. किण् किण् किण् किण्, न थांबता, वेडंवाकडं, मधेच स्टुलावर, मधेच कपावर. तिच्या कपाळावर आठी चढली. तीन म्हणजे हरलो. हे हरलो नव्हतं. हे म्हणजे 'ए, इकडे ये'. हा हुकूम होता.

तिने नळ सोडला. पूर्ण सोडला, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली, मोठमोठा आवाज करत. बऱ्याच वेळाने नळ बंद केला तेव्हा चमचा गप्प झाला होता. आणि तिला, खरं सांगायचं तर, जिंकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, बाबांनी कप उशीवर उपडा केला."

"मुद्दाम करताहेत."

तिने जाऊन अभ्रा बदलला. त्याचं डोकं उचललं, ओली उशी काढली, कोरडी सरकवली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून काचेचा मध्य नेमका बाहुलीवर आणणारी ती बाई, नवऱ्याचं डोकं तिच्या हातात होतं आणि तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हरली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून कपाट हलल्यासारखा आवाज आला. पलंग हलत होता. तो अख्खा ताठला होता, डोळे वर गेले होते, तोंडाच्या कोपऱ्यातून फेस येत होता.

"अरे, बोल! बोल ना माझ्याशी! ए!"

अबोला तिने सोडला. पण तिला हरवायला तो शुद्धीत नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती, केसांत पेन खोचलेलं. तिचे हात भराभर चालत होते आणि प्रश्नसुद्धा. ताप कधी आला, कधी उतरला, उलट्या, डोकेदुखी. मग म्हणाली, "बोलणं कधीपासून बिघडलं? असंबद्ध काही बोलत होते का? वागण्यात फरक?"

लेकीचा हात आईच्या हातात होता.

"आज सकाळपासून," ती म्हणाली.

हातातली छोटी बोटं हलली. "आई, काल तर..."

"गप्प बस जरा. डॉक्टर बोलताहेत ना."

डॉक्टरीण आत धावली. आई लेकीला घेऊन पाण्याच्या यंत्रापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, तिचा फ्रॉक उगाचच सारखा केला. "हे बघ. कालचं कुणी विचारलं तर सांगायचं नाही हं."

"निरोप आहे का हा?"

"हो."

"कुणाला द्यायचा?"

"कुणालाच नाही."

लेकीने थोडा विचार केला. असला निरोप तिला कधी कुणी दिला नव्हता. मग तिने मान डोलावली आणि ओठ आत घेतले, गोळी तोंडात धरावी तसे.

डासाचा विषाणू मेंदूपर्यंत पोचला होता. क्वचित होतं असं, डॉक्टरीण म्हणाली. मेंदूला सूज होती, डाव्या बाजूला जास्त, जिथे बोलणं असतं तिथे. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, मोठ्या नळीत घालून डोक्याचे फोटो काढले. तो शुद्धीवर आला, धोका टळला म्हणाले, तेव्हा एकदा तिने डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं.

"एक विचारू? समजा, समजा हं, एखादा दिवस आधी आणलं असतं तर...?"

डॉक्टरीण भिंतीला टेकली. दमली होती. "सांगता येत नाही. या विषाणूवर नेमकं औषध नाही आमच्याकडे. फिट कदाचित टळली असती. कदाचित नसतीही. पण तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुम्ही तर लगेच आणलंत."

तिला वाटलं, सांगावं. इथेच, या पायरीवर. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "थँक यू, मॅडम."

घरी आल्यावर आधी तिने गॅलरीतला टब पालथा घातला. चिखल नाहीसा होईपर्यंत धुतला. कंदाला एक कोवळा कोंब आला होता, तो तिने हातात धरला आणि मग चिखलाबरोबरच टाकून दिला. डास कदाचित बाजारातलाही असेल, पेट्यांमध्ये पाणी कुठे साचत नाही? ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण टबाबद्दल ती खरी होती, आणि खरं असण्याची इतकी लाज वाटू शकते हे तिला आजवर माहीत नव्हतं.

बाजारातली माणसं भेटायला येऊन गेली. म्हातारा काटेवाला खुर्चीपुढे उकिडवा बसला. "भोंग्या, अरे नवीन पोरगा ठेवलाय तुझ्या जागी. असा पुकारतो, जसं लग्नाला होकार देतोय. भाव ऐकायला गिऱ्हाईक त्याच्या तोंडाशी कान नेतं." सगळे हसले. तो हसला नाही. त्याचा चेहरा हसणं विसरला आहे, आतून हसत असेलही, हे तिने त्यांना समजावून सांगितलं. काटेवाला उठला, दारात चपला घालताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून. वेळेवर..." तिला तर त्याच्या पायांकडेसुद्धा बघवेना.

लाज एकटीची असती तर तिने गिळली असती. बायका काय काय गिळतात. पण लेक बदलत चालली होती. शाळेतून आली की चुळबुळ न करता बसायची. 'बाबांना सांग जेवण झालंय' म्हटलं तर म्हणायची, "तूच सांग ना." धावणं नाही, आवाज काढणं नाही. एकदा तिने झोपताना विचारलं, "मी खिडकीचा निरोप हसत सांगितला, म्हणून तुला खोटा वाटला का?"

"नाही गं राणी," ती म्हणाली आणि तिच्या केसांत तोंड लपवलं. "तू नीटच सांगितला होतास."

"मग?"

"झोप आता."

त्या दुपारी, चादरीची घडी अर्धी राहिली त्या दुपारी, बोलणं शिकवणाऱ्या बाई पहिल्यांदाच घरी आल्या. गोल चेहऱ्याच्या, मोठ्या पिशवीतून चित्रांचे पत्ते काढणाऱ्या. त्यांनी त्याला पत्ते दाखवले. चेंडूला तो दरवाजा म्हणाला, दरवाजाला चेंडू. "छान, शब्द आहेत सगळे," बाई म्हणाल्या, जसं काही हरवलेले रुमाल सापडावेत. "फक्त आपापली घरं चुकलेत. घरी पोचवू आपण त्यांना." मग त्या तिच्याकडे वळल्या. "अगदी सुरुवातीला काय चुकीचं बोलले, आठवतंय? पहिले शब्द? त्यावरून मला जरा अंदाज येतो."

"नाही," ती म्हणाली. "गडबडीत होतो आम्ही. आठवत नाही."

"साहजिक आहे. आणि तुला गं? तुझी तर मोठी स्मरणशक्ती आहे म्हणे. आजी सांगत होत्या, निरोप कधी विसरत नाहीस."

लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने आईकडे पाहिलं नाही. खांदे किंचित उडवले, भुवया वर नेल्या आणि म्हणाली, "नाही. आठवत नाही."

हुबेहूब. तोच आवाज, तेच शब्द, शब्दांमधली तीच छोटी जागा. जसाच्या तसा. तिला वाटलं, कुणी तरी आपल्यासमोर आरसा धरला, आणि त्या आरशाचं वय सहा वर्षं आहे.

"खिडकी गोड आहे," ती म्हणाली.

"अं?" बाई म्हणाल्या.

"पहिले शब्द. खिडकी गोड आहे. मग म्हणाला, चपलेला झोपव." तिचा आवाज तिला परका वाटत होता. "फिटच्या आदल्या दिवशी. सकाळी."

"आदल्या दिवशी?" हे सासूबाई.

"हो, आई. आदल्या दिवशी."

आणि मग ती त्याच्याकडे वळली. स्टूल ओढून त्याच्या पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि अबोल्यात जे आधीच बोलायला हवं होतं ते सगळं बोलली. निरोपावर काय निरोप पाठवला ते. उशी बदलली पण बघितलं नाही ते. डॉक्टरांना खोटं सांगितलं ते. टपालला गप्प केलं ते. "तू कप वाजवत होतास. मला वाटलं, हुकूम करतोयस. मी नळ सोडला. ऐकू येऊ नये म्हणून सोडला. तू बोलावत होतास मला, आणि मी भांडी घासत होते, घासलेलीच. मला जिंकायचं होतं रे."

बाईंच्या हातात चेंडूचा पत्ता तसाच राहिला. सासूबाई पलंगावरून उठल्या. त्या आता काय म्हणतील म्हणून तिने मान खाली घातली. त्या तिच्याजवळून स्वयंपाकघराकडे गेल्या, दारात थांबल्या.

"हे खूळ माझ्याच घरातून आलंय तुमच्या घरात," त्या म्हणाल्या. तिला की स्वतःला, कळलं नाही. मग आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. त्या दिवशी त्या 'वेळेवर' म्हणाल्या नाहीत.

तो तिच्याकडे बघत होता. इतका वेळ त्याच्या डाव्या हातात चमचा होता. खुर्चीत बसल्यापासून तो हात कधी रिकामा नसायचा, झोपेतसुद्धा बोटं मिटलेली असायची. त्याने तो चमचा स्टुलावर ठेवला. सावकाश, आवाज न करता. आणि मान वळवून त्याने तोंड पलीकडे फिरवलं.

"खिडकी," तो म्हणाला.

स्वच्छ. प्रत्येक अक्षर वेगळं.

"वा!" बाईंनी टाळी वाजवली, त्यांना राहवलं नाही. "खिडकीच ती! पहिल्यांदा बरोबर सांगितलंत! ऐकलंत ना तुम्ही? अगदी बरोबर!"

तिने ऐकलं होतं. पण समोर खिडकी दिसली म्हणून तो खिडकी म्हणाला, की त्या सकाळची खिडकी त्याला आठवत होती, हे त्या सपाट चेहऱ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाई पत्ते गोळा करून, पुन्हा येण्याचं सांगून, खूश होऊन गेल्या.

त्यानंतर तो बोलला नाही. चावी नाही, चेंडू नाही, काही नाही. सासूबाईंनी आणलेला चहा निवला. उन्हं उतरली, तिने पडदा बाजूला सारला, तरी त्याने पापण्या मिटून उघडल्या नाहीत. चमचा होता तिथेच पडून होता.

शेवटी तिने तो उचलला. त्याच्या कपाच्या कडेवर वाजवला. किण्. किण्. किण्. तीनदा, आणि हात मागे घेतला. नियमाप्रमाणे आता दुसऱ्याने उठायचं होतं.

ती वाट बघत राहिली. तो खिडकीबाहेर बघत होता.

पाठीमागे पावलं वाजली. लेक आली होती, छातीशी ती चादर, एकटीनेच कशीतरी घडी घातलेली, टोकाला टोक न मिळालेली. ती बापाकडे बघत राहिली, मग स्टुलावरच्या कपाकडे, मग आईकडे. निरोप घ्यायला उभी राहायची तशीच उभी होती, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"आई," तिने हळूच विचारलं, "बाबा आत्ता आजारामुळे बोलत नाहीयेत, की अबोला आहे?"